घरगुती साउंड हवाय? मग या चुका टाळा

"दादा, एरियल पिंकसारखा साउंड कसा आणायचा?" दादरच्या माझ्या खोलीवर येणाऱ्या पोरांचा हा ठरलेला प्रश्न. हा पिंक म्हणजे घरीच कॅसेटवर गाणी रेकॉर्ड करणारा अमेरिकन गायक. सोबत आणलेलं गाणं ऐकावं तर कडवं एकच, तेही अर्धवट, आणि वर टेपची खरखर मात्र भरपूर.

खरखर आधी, गाणं नंतर

सगळ्यात जास्त चीड येते ती या चुकीची. ती का होते हे कळायला आर. स्टीव्ही मूरपासून सुरुवात करावी लागते. हा अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा गायक, १९५२चा जन्म. वडील बॉब मूर तिथले नावाजलेले बेसवादक, एल्विस प्रेस्ली आणि रॉय ऑर्बिसनच्या रेकॉर्डवर वाजवलेले. म्हणजे मोठ्या स्टुडिओची ओळख मुलाला घरातूनच होती. तरी त्याने घरी टेपरेकॉर्डर मांडले, बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवली आणि थरावर थर चढवत गाणी केली. १९७६मध्ये 'फोनोग्राफी' हा अल्बम आला. पुढे टपालाने कॅसेट विकत त्याने चारशेच्या वर अल्बम केले.

लॉस एंजेलिसचा एरियल पिंक त्याला उघडपणे आदर्श मानतो. पिंकचा 'द डोलड्रम्स' हा अल्बम घरच्या कॅसेट मल्टिट्रॅकवर, म्हणजे एकाच फितीवर प्रत्येक आवाज वेगळ्या पट्टीत (ट्रॅकवर) घेणाऱ्या मशीनवर झाला, ड्रमचे आवाज तर त्याने तोंडाने काढले. अ‍ॅनिमल कलेक्टिव्ह या बँडच्या पॉ ट्रॅक्स लेबलने २००४मध्ये तो पुन्हा काढला तेव्हा तो दूरवर पोचला. मूरकडून त्याने उचलली ती हिंमत: जे हाताशी आहे त्यात गाणं पुरं करायचं आणि पुढचं घ्यायचं. खरखर आली ती यंत्रामुळे. कॅसेटची फीत चार मिलिमीटरही रुंद नाही, तिच्यावर इतके ट्रॅक कोंबायचे. जागा संपली की तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर घ्यायचे. अशा प्रत्येक खेपेला वरचे सूर थोडे झिजतात आणि खरखर वाढते.

मागच्या मे महिन्यात डोंबिवलीचा एक मुलगा चार गाणी घेऊन आला. प्रत्येक ट्रॅकवर टेपची नक्कल करणारा प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम), त्यावर रेकॉर्डची करकर, शिवाय पिच डळमळवणारा तिसरा. मी तिन्ही बंद करायला लावले. खाली उरला विकतचा ड्रम लूप (तोच ठेका पुन्हा पुन्हा वाजवणारा तुकडा) आणि आठ मात्रांची एक ओळ. मुलाचा चेहरा पडला. बोलता बोलता कळलं की हा लहानपणी सहा वर्षं तबला शिकलाय! म्हटलं, लूप काढ, माइकसमोर बोल म्हण. ट्रॅक फक्त चार, आणि घेतलेलं पुसून परत घ्यायचं नाही. पहिले दोन तास तो लाजत होता. मग 'धा तिरकिट'चा ठेका बसला, त्यावर गिटार आली. ट्रॅक संपत आले म्हणून ध्रुवपदाला त्याने आणि मी एकाच माइकसमोर उभं राहून गायलं. संध्याकाळी सातला गाण्याला दुसरं कडवं होतं. ते त्याने तिथेच, माझ्या पलंगावर बसून लिहिलं. प्लगइन परत लावायची आठवण त्याला झाली नाही.

म्हणून माझी सवय सांगतो. गाणं शेवटच्या ओळीपर्यंत नुसत्या गिटारवर म्हणून झाल्याशिवाय मी लॅपटॉप उघडत नाही. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी प्लगइनवर पैसे घालवू नयेत.

पंखा

मुंबईत उकडतं, मान्य. पण पंखा चालू ठेवून गायचं आणि मग नॉइज रिमूव्हलने तो पुसायचा, या आळसापायी मी चांगले गळे वाया गेलेले ऐकलेत. आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, 'स' आणि 'श' विरघळतात. दोन टेक घ्या, पंखा लावा, घाम पुसा, पुन्हा बंद करा. मी दारावर गोधडी टांगतो आणि कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून गाणाऱ्याला त्याच्यासमोर उभं करतो. भिंतीवरून परतणारा आवाज बराच मरतो. लोकलचा आवाज नको असेल तर शेवटची गाडी गेल्यावर बसा. शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. गिटारमध्ये घूं असा आवाज येत असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. बऱ्याचदा तेवढ्याने जातो. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला 'बफर' १२८वर आणा. लेव्हल लाल दिव्यापर्यंत नेऊ नका. टेप जास्त आवाज गोड करून घेते, डिजिटल फाटतं.

आणि एक माइक पुरतो, फार तर दोन. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२चा 'नेब्रास्का' अल्बम घरी चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर, दोन साध्या माइकांवर घेतला. पुढे बँडसोबत तीच गाणी करून पाहिली, पण शेवटी बाजारात आली ती घरचीच कॅसेट. डोंबिवलीचा तो मुलगा आता दर रविवारी येतो. सहावं गाणं चालू आहे, माइक तोच.