स्टेन्ड ग्लाससाठी पहिला ग्राइंडर घेताना

ग्राइंडर म्हणजे स्टेन्ड ग्लासच्या (रंगीत काचेचे तुकडे जोडून केलेल्या) कामात तुकड्यांच्या कडा घासणारे यंत्र. घेताना आधी व्होल्टेज पाहा. बाजारातले बरेच ग्राइंडर अमेरिकेसाठी बनवलेले, म्हणजे ११० व्होल्टचे असतात. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर थेट लावले तर मोटर जळते. २३० व्होल्टचेच मॉडेल मागा.

मग बिट. हिऱ्याची पूड बसवलेला हा छोटा दंडगोल काच घासतो. पाऊण किंवा एक इंच व्यासाचा, मध्यम, साधारण १०० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे हिऱ्याच्या कणांचा जाडसरपणा) बिट सुरुवातीला पुरतो. आतल्या वळणांसाठी पाव इंची बिट लागतो, तो बसवायची सोय आहे का ते विचारा. बिट शाफ्टवर (मोटरच्या फिरत्या दांड्यावर) सेट-स्क्रूने, म्हणजे बाजूने आवळायच्या बारीक स्क्रूने बसतो. तो स्क्रू शाफ्टच्या चपट्या बाजूवरच आवळा. शाफ्टला आधी थोडे ग्रीस लावले नाही, तर काही महिन्यांत बिट गंजून असा चिकटतो की निघता निघत नाही.

पाण्याची व्यवस्था मात्र नीट तपासा. टाकी सहज निघून धुता यावी, स्पंज बिटला मागून टेकलेला असावा. घासताना कडेला कोरडी पांढरी पूड दिसली की पाणी पोहोचत नाही असे समजा: काचेचे टवके उडतात, बिटवरचे हिरे लवकर झिजतात. काचेची कोरडी धूळ फुप्फुसांनाही वाईट.

डोळ्यांसमोरची पारदर्शक ढाल हवीच, तरीही चष्मा घाला. काच जोराने दाबू नका; मोटर मंदावली तर दाब जास्त होतोय. घासलेला तुकडा धुऊन पुसल्याशिवाय त्याच्या कडेला तांब्याची पट्टी (तुकडे डाग देऊन जोडण्यासाठी गुंडाळतात ती) चिकटत नाही.