जुन्या गाडीचा रंग आणि ग्वाल्हेरची हवा

आमच्या घरी 1978ची प्रीमियर पद्मिनी आहे, अंगावर बराचसा मूळचाच रंग. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या उन्हात ती सांभाळताना एक गोष्ट मनात पक्की बसली: रंगाला मारतो उन्हाळा, पण भेगा पडतात थंडीत.

मे-जूनमध्ये गडद रंगाचं बॉनेट हात टेकवू देत नाही. जुन्या एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) रंगाला लवचीक ठेवणारं द्रव्य अशा उष्णतेनं वर्षानुवर्षं उडत जातं आणि रंग ठिसूळ होतो. मग जानेवारीच्या कडाक्यात रंग पत्र्यापेक्षा जास्त आकसू पाहतो, पत्रा त्याला आकसू देत नाही, आणि तो तडकतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात टपाकडे तिरकं बघा, केसाएवढ्या रेषा दिसतील. थर जाड तेवढा धोका जास्त. म्हणून जुन्या रंगावरच आणखी एक हात मारायला पेंटरनं कितीही सांगितलं तरी ऐकू नका.

पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन एखाद्या कोपऱ्यात घासून बघा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नाही, आणि घासून गेलेला रंग परत येत नाही. अशा गाडीला मशीनचं रबिंग नकोच. दिवाळीच्या सुमारास हातानं हलकं पॉलिश, वर मेण, एवढं पुरे. लाल गाडी असेल तर जास्त जपा, लाल फार लवकर विटतो.

उन्हातून आलेल्या गाडीवर पाणी मारू नका. पहाटे धुवा आणि लगेच पुसा, नाहीतर बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग बसतात. कबुतराची शीट दिसली की दुपारची वाट बघायची नाही: तापलेला रंग मऊ पडतो आणि वाळणारी शीट त्यात खड्डा पाडते. ओलं फडकं ठेवून ती भिजवा, खरवडू नका.

पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाका. आत कोंडलेल्या ओलाव्यानं रंगाला फोड येतात.

रंगकामाला फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. पावसाळ्यात थिनर उडताना रंग गार होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि तो दुधाळ दिसतो. भर उन्हाळ्यात फवारा पत्र्यावर पोचेपर्यंतच सुकतो, मग हाताला खरखर लागते. काम अर्धवट राहिलं तर नुसत्या प्राइमरवर, म्हणजे रंगाखालच्या अस्तरावर, गाडी पावसात काढू नका. प्राइमर पाणी पितो, आणि गंज खालून सुरू होतो.