ग्वाल्हेरच्या थंडीत परसातली भाजी: पाला आणि पाणी

डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारी सरेपर्यंत आमच्या लष्कर भागातल्या परसाला खरी भीती पाल्याची. पानांवरचं दव गोठतं, त्याला इथे सगळे पालाच म्हणतात. नव्याने बाग करणारे वाऱ्याला घाबरतात. मी मात्र वारा सुटला की निर्धास्त झोपते. घात होतो तो आभाळ निरभ्र आणि वारा पार पडलेला असतो तेव्हा. जमिनीची आणि पानांची ऊब सरळ वर निघून जाते, पानं भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतात. म्हणून मोबाइलवर किमान तापमान ३-४ अंश दिसलं तरी गाफील राहू नका. तो आकडा चार-सहा फुटांवरच्या हवेचा असतो आणि तुमची मिरची असते वीतभर उंचीवर. ढगाळ रात्री काहीच करायला नको.

पाल्याच्या रात्री झाडाला हवं ते छप्पर. वाफ्याच्या चार कोपऱ्यांत काठ्या रोवा, वर जुनी सुती चादर किंवा साडी टाका आणि कडा जमिनीपर्यंत आणून विटांनी दाबा. मातीतून रात्रभर वर येणारी ऊब त्यामुळे आत कोंडून राहते. कापड झाडाभोवती गुंडाळून बुंध्याशी गाठ मारली, तर ती ऊब आत शिरतच नाही. कितीतरी घरी हेच चाललेलं दिसतं. प्लास्टिकही चालतं, पण पानांना टेकता कामा नये, टेकलं तिथे पान जळतं. ऊन उतरायच्या आत झाका आणि सकाळी ऊन चांगलं वर आलं की काढा. दिवसभर झाकून ठेवलंत तर आत दमटपणा साचून बुरशी धरते.

सगळंच झाकत बसू नका. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा आधी. मटारचं झाड तगतं, पण फुलं आणि कोवळ्या शेंगा जातात, त्यामुळे फुलोऱ्यात असेल तर झाकाच. कोबी, पालक, मुळा, गाजर, लसूण यांची काळजी नको. गच्चीवरच्या कुंड्या दुपारचं ऊन खाणाऱ्या भिंतीला चिकटवून ठेवा. भिंत रात्री ती ऊब परत देते.

पाला लागलेलं मिरचीचं पान सकाळी हातात घेऊन बघा. उकळत्या पाण्यातून काढल्यासारखं काळपट हिरवं आणि ओलसर दिसतं, दुपारपर्यंत लुळं पडतं. लगेच कात्री चालवायचा मोह होतो, तो आवरा. मेलेली पानं खालच्या डोळ्यांवर, म्हणजे फुटव्याच्या कोंबांवर, पांघरुणासारखी राहतात. थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीत, जिवंत फुटवा दिसला की त्याच्या वर छाटा. जानेवारीत युरियाही नको. त्याने येणारी लुसलुशीत पालवी पाल्याला आधी बळी पडते.

आता पाणी. कोरड्या मातीपेक्षा ओल्या मातीत ऊब जास्त साठते आणि वरही लवकर येते. म्हणून पाल्याची चिन्हं दिसली की त्या दिवशी दुपारीच आळ्यात पाणी द्या, पानांवर शिंपडू नका. एरवी थंडीत पाणी फार लागत नाही. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर झारी ठेवून द्या. द्याल तेव्हा मात्र मुळांपर्यंत पोचेल इतकं द्या. रोज वरवर शिंपडल्याने मुळं वरच राहतात. मातीवर पाचोळा किंवा भाताचं तणस चार बोटं पसरलं की ओल टिकते.

तिघरा धरणातलं पाणी खाली गेलं की नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेव्हा माझा सगळा भरवसा पुरलेल्या मडक्यांवर असतो. कुंभाराकडून साधं, रंग न दिलेलं, भोक नसलेलं मडकं आणा. भरून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर लागलं तरच घ्या. दोन वांग्यांच्या मधे गळ्यापर्यंत पुरा, भोवतालची माती हाताने घट्ट दाबा, नाहीतर मधे पोकळी राहून पाणी झिरपत नाही. वर पणती किंवा बशी झाका, डास होत नाहीत. माती कोरडी झाली की मडकं पाझरतं, ओली असली की मंदावतं. थंडीत ते बरेच दिवस पुरतं. मे महिन्यात रोज झाकण उचलून बघावं लागतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मडक्यात नको, छिद्रं बुजतात. ते थेट आळ्यात घाला. आरओचं वाया जाणारं पाणीही एकट्याने रोज देऊ नका, क्षार साचून पानांच्या कडा जळतात. निम्मं साधं पाणी मिसळा.