कॅन्सर सेंटरच्या कोअरमध्ये काम सुरू करताना

अमेरिकेतल्या विद्यापीठात कॅन्सरवर काम करायला आलात की पहिल्याच आठवड्यात लक्षात येईल, आपल्या लॅबमध्ये मोठी यंत्रं फारशी नाहीत. सेल सॉर्टर (पेशी निवडून वेगळ्या करणारं यंत्र), कन्फोकल मायक्रोस्कोप, सीक्वेन्सर (डीएनए वाचणारं यंत्र), हिस्टॉलॉजीची (टिश्यूचे पातळ काप करून रंगवण्याची) सगळी व्यवस्था कोअर फॅसिलिटीत, म्हणजे सगळ्या लॅबसाठीच्या सामायिक विभागात, असते आणि तिथे शंभर लॅबची माणसं येत-जात असतात. 1971 च्या नॅशनल कॅन्सर ॲक्टनंतर एनसीआयची (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची) मान्यता मिळालेली सेंटर्स उभी राहिली. त्यांना एनसीआयकडून मिळणाऱ्या पी-30 ग्रँटमधला बराच पैसा या सामायिक सुविधांवर खर्च होतो, म्हणूनच तासाचा दर आपल्याला परवडतो. उरलेलं बिल मात्र तुमच्या लॅबच्या खात्यावर पडतं. पहिलं बुकिंग करण्याआधी पीआयकडून (लॅबच्या प्रमुखाकडून) अकाउंट नंबर मागून घ्या.

कागदपत्रं पहिल्याच दिवशी हातात घ्या. माणसाचं रक्त किंवा ट्यूमर हाताळायचा असेल तर ब्लडबोर्न पॅथोजेन्सचं (रक्तातून पसरणाऱ्या रोगजंतूंचं) ट्रेनिंग लागतंच, आणि हिपॅटायटिस बी ची लस फुकट देणं नोकरी देणाऱ्याला कायद्याने बंधनकारक आहे. ती नक्की घ्या. उंदरांच्या प्रोटोकॉलमध्ये (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या मंजूर आराखड्यात) तुमचं नाव चढेपर्यंत पिंजऱ्याला हात लावू नका, मग सीनियर काहीही म्हणो.

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हे: प्रयोग करण्याआधी कोअरच्या माणसांशी बोला. नवीन मुलं संकोचतात, सँपल तयार करून थेट बुकिंगच्या वेळेला हजर होतात, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. यंत्रामागे बसलेली व्यक्ती बहुधा स्वतः मुरलेली शास्त्रज्ञ असते. तिला नावाने हाक मारा, वीस मिनिटं मागा. कोणी नाही म्हणत नाही.

सॉर्टिंगचंच बघा. ट्यूमर फोडून पेशी सुट्या केल्या की मेलेल्या पेशींमधून डीएनए बाहेर पडतो, चिकट होतो आणि गुठळ्या बनतात. सॉर्टरचं नोझल 70 किंवा 100 मायक्रॉनचं; एक गुठळी अडकली की तुमचा वेळ गेला आणि तुमच्यामागे नंबर असलेल्याचाही. म्हणून बफरमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम नको, थोडं ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवणारं रसायन) हवं. गुठळ्या जास्त होत असतील तर आधी डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) वापरा, पण त्याला मॅग्नेशियम लागतं, ईडीटीए असताना ते चालत नाही. यंत्राला लावण्याच्या अगदी आधी पेशी 40 मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. सोबत एक नळी बिनरंगाची, प्रत्येक रंगाची एकेक वेगळी, आणि मेलेल्या पेशी ओळखणारा डाय. या नळ्यांशिवाय कॉम्पेन्सेशन (एका रंगाचा दुसऱ्यात मिसळलेला प्रकाश वजा करणं) बसत नाही, मग ऑपरेटर कितीही हुशार असो. पेशी माणसाच्या आहेत की विषाणू वापरून बदललेल्या, हे बुकिंग करतानाच लिहा. सॉर्टरमधून बारीक तुषार उडू शकतात आणि समोर बसलेल्या माणसाच्या तब्येतीचा प्रश्न असतो.

हिस्टॉलॉजीला देताना कॅसेटवर पेन्सिलीनेच लिहा. साध्या पेनची शाई अल्कोहोल आणि झायलीनमध्ये धुऊन जाते आणि कुठला ट्यूमर कुठल्या उंदराचा हे कायमचं हरवतं. 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये साधारण एक दिवस, मग 70 टक्के अल्कोहोल. फॉर्मॅलिनमध्ये आठवडाभर विसरलेल्या टिश्यूवर कित्येक अँटिबॉडी नीट लागत नाहीत.

पेशींच्या लाइन्स (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) दुसऱ्या लॅबकडून आल्या असतील तर मायकोप्लाझ्मा (पेशींमध्ये शिरणारा बारीक जिवाणू) आणि एसटीआर (पेशी खरंच त्याच लाइनच्या आहेत का हे सांगणारी डीएनए चाचणी) दोन्ही तपासून घ्या. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे मीडियातल्या पेनिसिलिनचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. फ्लास्क स्वच्छ दिसतो आणि डेटा बिघडत राहतो.

बायोस्टॅटिस्टिक्सवाल्यांना उंदीर मागवण्यापूर्वीच भेटा. किती उंदीर लागतील याचा हिशेब प्रोटोकॉलमध्येही द्यावाच लागतो.

शेवटी पेपर. आभारात कोअरचं नाव आणि पी-30 ग्रँटचा नंबर दोन्ही हवेत. ग्रँटच्या नूतनीकरणाच्या वेळी सेंटरला दाखवायला हेच पेपर लागतात, आणि त्यावरच त्या माणसांच्या नोकऱ्या टिकतात. कोणी तुमच्या प्रयोगाची आखणी केली किंवा विश्लेषण केलं असेल, तर लेखकांच्या यादीचं सुरुवातीलाच बोलून घ्या. आणि मेथड्सचा मसुदा सबमिट करण्याआधी त्यांना पाठवा. लेझर, फिल्टर, सॉफ्टवेअरची आवृत्ती ते बिनचूक भरून देतात.