घरातली गंमत वॉटरकलरमध्ये कशी पकडायची, जेमायमा ब्लॅकबर्नच्या पद्धतीने

जेमायमा ब्लॅकबर्न म्हणजे शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलची सख्खी आत्तेबहीण, १८२३ला एडिंबरामध्ये जन्मली आणि चित्रकला बहुतेक स्वतःची स्वतःच शिकली. प्राणी काढण्यात तर एवढी तयार, की लँडसीरसारखा मोठा चित्रकार म्हणाला हिला मी काय शिकवणार.

तिचं एक चित्र मला फार आवडतं, छोटा जेम्स कपडे धुवायच्या टबात बसून बदकांच्या तळ्यात होडी होडी खेळतोय. त्यात कुणाचं नाक मोठं केलेलं नाही की तोंड वाकडं नाही, हसू येतं ते त्या प्रसंगाचं. म्हणून पहिलं काम हेच, चेहरे नका बिघडवू, प्रसंग शोधा. पाहुणे आल्यावर पडद्यामागे लपलेला पोरगा, बाहेर फक्त पाय दिसतायत, बास, तेवढंच काढायचं.

आधी पेन्सिलने अगदी हलक्या हाताने, दोन-तीन मिनिटांत, कोण कसं वाकलंय कुठे बघतंय एवढंच पकडा, कारण अंगाच्या ठेवणीतूनच सगळं कळतं, डोळे-ओठ नंतर दोन टिपक्यांत होतात. कागद छोटा घ्या, पोस्टकार्डाएवढा चालेल, पण ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), पातळ कागद पाणी लागलं की फुगतो. मग फिक्या रंगाचा वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातला पातळ थर, तो पूर्ण वाळू द्या (इथेच सगळ्यांची घाई होते!), मग गडद. पांढरं हवं तिथे कागद कोराच सोडा. रंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा ओला असताना जरा जास्त वाटला तरी घाबरू नका.

आणि रोज बघायची सवय लावा, हे मी मनापासून सांगतेय. कोकिळेच्या जातीतल्या कक्कू पक्ष्याचं आंधळं, पिसं न फुटलेलं पिल्लू घरट्यातली दुसरी पिल्लं पाठीवर घेऊन बाहेर ढकलतं, हे जेमायमाने स्वतः बघून काढलं, बऱ्याच जणांचा तोवर त्यावर विश्वासच नव्हता, आणि पुढे डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकाच्या १८७२च्या आवृत्तीत ते निरीक्षण आलं. गमतीची चित्रं काढणारे डोळेही तेच होते.

चित्र झालं की मागे तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते पेन्सिलनेच लिहा, शाई ओल लागली की पुढपर्यंत झिरपते.