साजाच्या दुकानाचा इतिहास लिहिताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या इतिहासात घोड्यांचा साज बनवणाऱ्या दुकानाच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येतं: 'मोटार आली आणि दुकान बंद पडलं.' पहिली चूक तिथेच होते. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली, पण शेतांवरची घोडी-खेचरं त्यानंतरही वाढत गेली. १९१८ च्या सुमारास ती अडीच कोटींवर होती. बग्ग्या घटल्या तरी नांगर ओढणाऱ्या जोड्यांचा साज दुरुस्तीला येतच होता. त्यामुळे तुमच्या गावातलं दुकान १९२५ च्या जाहिरातीत दिसलं, तर छपाईची चूक समजून ती नोंद बाजूला टाकू नका.

मोटारीच्या आधीचा धक्का तर हमखास सुटतो. कारखान्यात बनलेला तयार साज १८९० च्या दशकातच टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स रोबक कंपनीच्या कॅटलॉगमधून मागवता येत होता. गावातले कारागीरही घाऊक माल आणून विकायचे. म्हणून पाटीवर 'साज बनवणारे' लिहिलंय एवढ्यावरून आतला प्रत्येक पट्टा तिथेच शिवला गेला, असं धरू नका.

मग कारागिराचं काम काय उरलं? मापाला बसवणं आणि दुरुस्ती. गळ्यातलं जाड कॉलर नीट बसलं नाही की घोड्याच्या खांद्याला जखमा होतात आणि ऐन हंगामात जोडी उभी राहते. तुटलेला पट्टा शिवताना कारागीर लाकडी बाकावर बसे. बाकाच्या पुढच्या टोकाला चिमटा असायचा. पायाने दाब दिला की चामडं त्यात घट्ट धरलं जाई आणि दोन्ही हात मोकळे राहत. आरीने भोक पाडायचं, मेणाच्या दोऱ्याच्या दोन टोकांच्या दोन सुया एकाच भोकातून समोरासमोर काढायच्या आणि दोरा आवळायचा. असा एक टाका तुटला तरी शेजारचे टाके धरून ठेवतात. जुना पट्टा हातात आला तर शिवण जरूर बघा. संग्रहालयात हा बाक कधी कधी नुसता 'जुनं आसन' म्हणून पडलेला असतो, ते पाहून फार वाईट वाटतं.

आता कागदपत्रं. सॅनबॉर्न कंपनीच्या आगविम्याच्या नकाशांवर दुकानाची जागा आणि बांधकाम दिसतं: विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी. पण जुन्या पानांवर नंतरच्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवत असत. मुखपृष्ठावरचं वर्ष आणि नकाशातलं दुकान जुळत नसेल, तर आधी त्या चिठ्ठ्या शोधा.

दुकान १८८० मध्ये सापडतं आणि १९०० पर्यंत गायब होतं? मधल्या १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीमुळे गेले, तेव्हा त्या वर्षी नोंद नाही म्हणून दुकान नव्हतं असं लिहू नका. १८५० ते १८८० च्या जनगणनांत उद्योगांची वेगळी यादी आहे, पण तीही वर्षाला ५०० डॉलर किंवा जास्त उत्पादन असलेल्यांचीच. एकट्याने चालवलेलं छोटं दुकान त्यात नसणं साहजिक आहे. अशा वेळी स्थानिक वर्तमानपत्रं बघा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर पुष्कळ अंक मोफत वाचता येतात. फक्त एकच जाहिरात महिनोन्‌महिने तशीच छापली जाई, त्यामुळे तिच्या शेवटच्या तारखेला दुकान बंद पडल्याची तारीख मानू नका. मालकाच्या नावाने पुढेही शोधा: चामड्याच्या कामात हात तयारच असल्याने अनेकजण जोडे दुरुस्तीकडे किंवा मोटारींची छतं शिवण्याकडे वळले होते.