घरच्या माणसावर खुनाचा आरोप आला तर घरानं काय करायचं

२०२४ च्या श्रावणात, चतुर्थीला तीन आठवडे असताना, माझ्या धाकट्या भावाला खुनाच्या आरोपाखाली पोलीस घेऊन गेले. जीप वळणाआड गेली आणि आई सरळ न्हाणीत शिरली. त्याचा आदल्या दिवशीचा शर्ट तिथं खुंटीला होता. तो तिनं साबणाच्या बादलीत घालायला घेतला. तिच्या मनात काही नव्हतं. जीव घाबरा झाला की ती कपडे धुवायला बसते, जन्मभर तेच करत आली. मी तिचं मनगट धरलं. आम्ही दोघी बराच वेळ तशाच उभ्या होतो, शर्ट दोघींच्या हातात.

म्हणून पहिलं सांगणं हेच. घरातलं काही धुऊ नका, हलवू नका, जाळू नका. फोनमधले मेसेज, फोटो पुसू नका. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे. आरोपीला लपवणं हाही गुन्हा आहे. त्यात सवलत आहे ती फक्त नवऱ्याला किंवा बायकोला, आईला नाही. आणि निर्दोष माणसाचा धुतलेला शर्टसुद्धा कोर्टात संशयाचा होतो.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली अंगणवाडी सेविका. कायदा शिकलेली नाही, जे कळलं ते वकिलांच्या ऑफिसातल्या बाकावर बसून कळलं. खटला अजून चालू आहे, म्हणून प्रकरणाबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. घराबद्दल लिहिते, कारण त्या दिवशी आम्हाला सांगणारं कोणी नव्हतं.

अटक झाली की कुठल्या ठाण्यात नेलं आणि कशासाठी, हे घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेची कारणं लेखी मागा. २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. त्या वेळी आपला वकील तिथं हवाच. ऐपत नसेल तर १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याचं उत्पन्न कितीही असो. झडतीला आले तर घरच्या एकानं तिथं थांबावं. आता झडतीचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं आणि नेलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत घरच्यांना मिळते. सही करायची तर वाचून करा. बाहेर जीप सुरू ठेवून कोणी घाई केली तरी.

बायकांना आणि साठीपुढच्या पुरुषांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, राहत्या घरी येऊन विचारावं लागतं. आईला बोलावणं आलं तेव्हा वकिलांनी एवढंच कळवलं आणि पोलीस घरी आले. पोलिसांना दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, तेव्हा कोणी मागितली तर आधी वकिलाला विचारा. आणि खोटं सांगू नका. ‘तो रात्रभर घरीच होता’ असं मायेपोटी बोललेलं वाक्य पुढे फोनच्या लोकेशनसमोर टिकत नाही. मग घरातलं कोणाचंच खरं धरलं जात नाही.

तारखांचं एक सांगते. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांची, पण नव्या कायद्यात ती खुनाच्या प्रकरणात पहिल्या ६० दिवसांत तुकड्यातुकड्यानंही मागता येते. भाऊ कोलवाळच्या तुरुंगात गेला तेव्हा आम्हाला वाटलं, चौकशी संपली. तसं नसतं. आरोपपत्र ९० दिवसांत आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. कालनिर्णयावर वहिनीनं रोज एक फुली मारली. आमच्या बाबतीत आरोपपत्र मुदतीतच आलं. तरीही मोजा.

आता सगळ्यात कठीण गोष्ट. ‘तू केलंस का?’ हा प्रश्न घरच्यांनी विचारायचा नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही, पण आईपुढची, बहिणीपुढची ठरू शकते, आणि उद्या आपल्यालाच साक्षीला उभं करतील. बायकोपुढचं बोलणं कायद्यानं बरंच राखलेलं आहे, वकिलापुढचं तर आहेच. त्यानं सगळं खरं वकिलाला सांगावं. हे मला पटायला सोपं गेलं, आईला नाही. ती म्हणाली, ‘मी त्याला जन्म दिला आणि मी विचारायचं नाही?’ तिला उत्तर देता आलं नाही. तिनं अजून विचारलेलं नाही.

पैशाचं. ‘वरपर्यंत ओळख आहे, सेटिंग करतो’ म्हणणारा पहिल्या आठवड्यातच दारात येतो. त्याला चहासुद्धा देऊ नका. आमच्या गोव्यात आणखी एक अडचण आहे जी बाहेरच्यांना ठाऊक नसते. इथल्या नागरी कायद्यानं नवरा-बायकोची मालमत्ता सहसा दोघांची मिळून असते, आणि जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. वडिलांच्या माघारी भाट, म्हणजे बागायतीची जमीन, वाटून घेतलेलं नसेल तर सगळ्या वारसांच्या. आम्ही काजूचं भाट विकायला निघालो तेव्हा कळलं की तुरुंगातल्या भावाची सही नसेल तर कागदच पुढे सरकत नाही. मुखत्यारपत्राचं काम वकिलाकडून आधीच सुरू करा, त्याला आठवडे लागतात.

वर्तमानपत्रात फोटो आला त्या दिवशी पोदेर, म्हणजे पाववाला, नेहमीसारखा भोंगा वाजवत आला, पाव दिले, सुटे परत केले. त्याचे उपकार मी विसरणार नाही. वाड्यावर मात्र शांतता. चतुर्थीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली, नेवऱ्या केल्या, कमी केल्या पण केल्या. रात्री घुमट आणि शामेळ शेजाऱ्यांच्या खळ्यात वाजलं. आम्हीही आरतीसाठी कांसाळी, म्हणजे झांजा, काढून ठेवली होती. आरती संपली, पोरं आमच्या दारावरून पुढच्या घरी गेली. वहिनीनं पाट उचलला. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला मोठा मुलगा एकटाच आला आणि खाली बघत म्हणाला, ‘बाय, राग धरू नका. आत येऊन काय बोलायचं, तेच कोणाला सुचलं नाही.’

तेव्हा मला कळलं की वाळीत टाकणं आणि काय बोलावं न कळणं, दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राचा आहे, तो इथं लागू नाही, तेव्हा आपलं आपणच बघायचं. शेजाऱ्यांना माझी विनंती: या. प्रकरण काढू नका, ‘कितें जालें गो?’ विचारू नका. दूध लागतं का, पोरीला शाळेत सोडू का, एवढं विचारा. घरच्यांनी उत्तर एकच ठेवावं, ‘कोर्टात आहे, बोलता येत नाही’, आणि ते सगळ्यांना सारखं द्यावं. देवस्थानातली आपली सेवा कोणी तोंडी थांबवायला सांगितली तर भांडू नका, पण लेखी मागा.

भावाची मुलगी चौथीत होती. तिला ‘बाबा कामाला गेलेत’ असं सांगू नका, वर्गात दुसऱ्याच दिवशी कोणीतरी खरं सांगतं. आम्ही सांगितलं, ‘बाबांना पोलिसांनी नेलंय. त्यांनी काय केलं, केलं की नाही, हे कोर्ट ठरवील. तुझी यात काही चूक नाही.’ मुख्याध्यापिकांना मी आधी जाऊन भेटले.

आणि ज्या घरात माणूस गेला, तिथं जाऊ नका, निरोप पाठवू नका, कोणामार्फत पैसे तर मुळीच नाही. साक्षीदारांवर दबाव म्हणून जामीन जाऊ शकतो, आणि त्या माणसांना आपलं तोंड बघायचंही नसतं. मला जायचं होतं. त्या बाई माझ्या ओळखीच्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्या मिरच्यांच्या ढिगाशी दिसल्या. मी पिशवी तिथंच ठेवली आणि दुसऱ्या वाटेनं निघाले. पिशवी परत आणायला तासाभरानं गेले.

तुरुंगात भेटायला जाताना आधार कार्ड घ्या, आत काय नेऊ देतात ते आधी विचारा, औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. आणि बोलायच्या गोष्टी कागदावर लिहून न्या, कारण समोर बसलं की रडण्यातच वेळ जातो. आई आदल्या रात्री मला सांगते, मी लिहिते. गेल्या वेळी यादीत होतं: न्हाणीचं छप्पर शाकारलं. पोरीला गणितात ३८. मानकुराद आंबा यंदा उशिरा. पाठीचं दुखणं कसं आहे, विचार.